प दोन झाले

दर्शिका च्यारी रात्रपाळी संपवून
पहिल्या फेरीनं चोडणला परतते.
मांडवीतल्या जहाजाचा गार, बंद वास अजून ओढणीला.
घरी न जाता माझ्या सोप्यावर येऊन बसते :
"सर, मंगळवारी परीक्षा आहे, वरच्या टेबलासाठी.
पत्ते वाटता येतात. गणित अडतं."

सातवीत हिला मी क्ष शिकवला होता.
तेव्हा विचारलं होतं हिनं,
क्ष नेहमी हरवलेलाच का असतो?

पोदेरानं पाव गुंडाळून दिलेल्या कागदावर लिहितो :
पॉट म्हणजे प.
(चंद्र विसरला तर पाट, मात्रा पडली तर पोट,
म्हणून नुसता प बरा.)
पैज म्हणजे
पुन्हा प.
पेन थांबतं.
एका समीकरणात दोन प म्हणजे
एका वर्गात दोन प्रकाश.
खाऊ वाटताना दोघं उभे,
खिडकी कुणी फोडली विचारलं की एकही नाही.

"मग बेट म्हणा ना, सर. आम्ही बेटच म्हणतो. ब."
बेट तर हे, आपण बसलोय ते.
चारी बाजूंनी पाणी.
"तेच की," ती म्हणते, "एकदा पुढं सरकवलं
की परतीची फेरी नसते."

बरं. प आणि ब.
पण प कुठला?
पैज पडण्याआधीचा, की पडल्यानंतरचा?
"तिथं दोन्हीला पॉटच म्हणतात."
म्हणून तर लोक चुकतात, बाय.
आधी ठरव, मग लिही.
आपण आधीचा घेऊ.

डब्यातून काजूच्या बिया काढतो. आठ मधोमध.
चार तू सरकवल्यास.
समोरच्याला बघायचं तर त्यानंही चार टाकायच्या.
झाला ढीग सोळाचा, त्यात त्याच्या चार.
चारदा खेळून एकदा जिंकला तरी
त्याचं काही गेलं नाही.
ब भागिले, प अधिक दोन ब.
"दोन कशाला?"
एक तुझा, एक त्याचा.
आणि तुझा म्हणू नकोस आता,
सरकवलेला ब ढिगाचा.

ती कागद स्वतःकडे ओढते.
"पॉटला एकच मानलं तर?
मग पैज म्हणजे पॉटचा हिस्सा. अर्धी, पाऊण, अख्खी."
आणि लिहिते :
स भागिले, एक अधिक दोन स.
प गेला, ब गेला,
उरलं एक अक्षर.
अर्ध्याला पाव, अख्ख्याला एक तृतीयांश.
लाखांचं टेबल असो की बियांचं, उत्तर तेच.
छत्तीस वर्षं शिकवून
मला हे इतकं सुटसुटीत सुचलं नसतं.
लाल पेनानं दहापैकी दहा देतो.

ती उठत नाही.
"काल एक जण होता, बेळगावकडचा.
रात्रभर अर्धाच पॉट लावत होता.
एकदाही जास्त नाही, एकदाही घाईनं नाही,
तुमच्या वर्गात शोभला असता.
पहाटे चिप्स संपल्यावर मला विचारलं,
इथून बसस्टँडला चालत जाता येतं का?"
बी बोटांत फिरवत राहते.
"सर, त्याचा एक केवढा होता
हे ह्यात कुठं लिहायचं?"

पाच लिहून आणलं की मी ओरडायचो,
पाच काय? पाच आंबे? पाच मीटर?
एकक नसेल तर अर्धा गुण कापायचो.
हिचाही कापला होता, दोनदा.

खालून फेरीचा भोंगा.
"निजते जाऊन," म्हणत ती कागद घेऊन गेली,
दहापैकी दहासकट.

बिया डब्यात टाकताना मोजल्या. पंधरा.
सोळावी पायरीखाली असेल.
वाकून पाहिलं,
मग चष्मा लावून पाहिलं.