एकच व्यक्ती

बोरा बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
जिना संपतो तिथं माझं टेबल.
पाटी: भाषांतर, नोटरी, अपोस्टिल.
खाली खडूनं: ओरिजिनल विसरल्यास भांडू नये.

मुग्धा तोडणकर तिसऱ्यांदा आली.
कापडी पिशवीत फाइल, फाइलीत ती:
बँकेचं स्टेटमेंट, पानोपानी शिक्का,
पोलिसांचा दाखला, की हिनं काही केलेलं नाही,
विम्याचा कागद, की हिला काही झालंच
तर त्यांच्या तिजोरीला झळ लागणार नाही,
आणि कंपनीचं पत्र, की ही कुठूनही काम करू शकते.

'कुठूनही' या शब्दावर मी जरा थांबलो.
कुठूनही म्हणजे आत्तापर्यंत काळाचौकी,
ओटा आणि मोरी यांच्या मधला स्टूल,
कुकरच्या शिट्टीला म्यूट,
रात्री साडेअकराला कॅमेऱ्यामागे वाळत घातलेली चादर
आणि चादरीमागून बाप: दिवा घालव आता.

तिला पोर्तुगाल हवाय.
ज्यांनी ही बेटं लेकीच्या लग्नात आंदण दिली,
बेटावरच्या कुणालाही न विचारता,
त्यांच्या दारात ही पगार दाखवत उभी.
तुमच्या किमान वेतनाच्या चौपट, साहेब.
तुमच्यात कुणाची नोकरी घेत नाही.
फक्त राहते.

तीस वर्षं हेच कागद बघतोय.
फिरायला निघालेल्याला विचारतात, परत जाशील ना?
राहायला निघालेल्याला, ओझं होणार नाहीस ना?
आधी चार महिने, मग दोन वर्षं, मग पुन्हा अर्ज.
मला आमची पागडीची खोली आठवते.
मालक नाही, पाहुणाही नाही,
भिंतीत खिळा ठोकायचा तर विचारून.
दादांनी चाळीस वर्षांच्या भाडेपावत्या
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लावून ठेवल्या.
छप्पर गळायचं.
पावतीवर नाव मात्र बरोबर असायचं.

हिचं नावाशीच अडलंय.
पासपोर्टवर आई शुभांगी,
जन्मदाखल्यावर आई द्वारका.
पंच्याण्णव साल, वाडिया हॉस्पिटल,
कळा सुरू असताना नर्सनं नाव विचारलं
आणि तोंडातून माहेरचं निघालं.
मग कारकुनानं तेच लिहिलं, त्याचं काय चुकलं?

उपाय पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर.
मजकूर मला पाठ आहे:
मी प्रतिज्ञेवर कथन करते की द्वारका आणि शुभांगी
ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत.

आई आली. धापा टाकत जिना चढली,
पदरानं चष्मा पुसला.
मी मोठ्यानं वाचून दाखवलं, नियम आहे तसा.
'एकाच' पाशी तिनं हात वर केला.

"द्वारकाला पोहता यायचं," ती म्हणाली.
"हर्णैला, भरतीच्या पाण्यात.
शुभांगी कधी पाण्यात उतरलीच नाही.
मग हे खोटं नाही ना होणार?"

मी म्हणालो, कागदापुरतं खरं आहे.
इतकी वर्षं हेच सांगतोय लोकांना.

मुग्धानं मोबाइलवरून मान काढली.
"तुला पोहता येतं?"
"येतं म्हणजे. यायचं."
मग कुणीच काही बोलेना.
पंखा स्टॅम्प पेपरचा कोपरा उचलत होता,
मी त्यावर शिक्का ठेवला.

"याची मुदत किती?" आईनं विचारलं.
याला मुदत नसते, बाई.
व्हिसाला असते.

तिनं पेन घेतलं, आणि फार सावकाश,
शाळेतल्या पाटीवर काढावं तसं लिहिलं:
द्वारका.

चालत नाही तसं. सही पासपोर्टच्या नावाची लागते.
मी दुसरा पेपर काढला, पैसे लावले नाहीत.
झालेला पेपर फाडून टाकायचा असतो.
तो मुग्धानं फाइलीत घातला,
विम्याच्या मागे,
जिथं कुठलाही अधिकारी तो मागणार नाही.