कानामागे

दूमित्साने तो टेबलावर ठेवला नाही.
बटाट्याच्या पिशवीतून काढून
सरळ माझ्या मांडीवर दिला,
तान्हं मूल देतात तसा, डोक्याखाली हात धरून.
दोन नळ्यांचा रेग्युलेटर, एकोणीसशे साठच्या आसपासचा.
पितळी डबा कळकून हिरवा,
आणि नळ्यांचं रबर इतकं वाळलेलं
की घडीघडीतून काळी पूड सांडली
माझ्या इस्त्रीच्या विजारीवर.

"श्पिरोचा?" मी विचारलं.
"घरातला," ती म्हणाली.
स्पंज काढणाऱ्यांच्या या बेटावर
गेलेल्या माणसाबद्दल दोनदा विचारत नाहीत.

डबा रात्रभर व्हिनेगरमध्ये.
मग जुना टूथब्रश,
आटे सुटावेत म्हणून हेअर ड्रायर, आणि शिव्या.
पडदा फाटलेला. तरफ वाकलेली.
उच्छ्वास सोडणारी झडप, जिला आम्ही बदकाची चोच म्हणतो,
ती कुणीतरी सायकलच्या ट्यूबमधून कापलेली,
शिवणाच्या कात्रीने, कडा इतक्या नेमक्या
की फेकवेना. काड्यापेटीत ठेवली.
नवे भाग मार्सेयहून मागवले,
शिबेनिकच्या पोस्टात ते नऊ दिवस झोपले.

स्प्रिंग मात्र कोड्यात टाकत होती.
फार हलकी लावलेली,
फुंकर मागावी आणि फुंकरच मिळावी अशी.
श्पिरोची छाती म्हणजे दारूचं पिंप.
त्याला एवढं हळुवार कशाला?

शेवटी उरलं तोंडात धरायचं रबर.
खिडकीच्या उजेडात धरलं: दातांचे ठसे.
बारीक, दाटीवाटीचे,
आणि वरच्या रांगेत, डावीकडे, एक जागा रिकामी.
तिथे रबर साच्यातून निघालं तसंच गुळगुळीत.

श्पिरोला पुरला तेव्हा
त्याचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते.
गाव जळायचं त्यावर.

ती न्यायला आली.
मी बेरीज चुकवली, दोनदा, तशी ती हसली,
आणि वरच्या रांगेत, डावीकडे,
ती जागा मला दिसली.

"त्याला पोहता येत नव्हतं," नोटांची घडी घालत ती म्हणाली.
"होडीत बसायचा, दोर धरून.
परवान्यावर नाव त्याचं.
खानावळीत गोष्टी सांगायचा तोच.
चांगल्या सांगायचा हो. मीही ऐकायचे."

तोंडाचं रबर हेच ठेवू?
"नवं लाव. ठसे पडतील पुन्हा."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई
होडीच्या काठावरून पाठमोरी पडली
आणि पाण्याने साधा आवाजही केला नाही.
मी वर. दोर माझ्या हातात.

आजकालच्या यंत्रांचे बुडबुडे
गालांवरून, डोळ्यांसमोरून कलकलाट करत जातात.
याचे मानेमागून निघतात.
समोर सगळं शांत, मासे जागचे हलत नाहीत.
साठ वर्षं तिने जे जे कानामागे टाकलं
ते पांढरं होऊन
माझ्या होडीभोवती फुटत होतं.

आठेक मीटरवर ती उताणी झाली.
पालथं काम करताना या यंत्राकडून
हवा ओढून घ्यावी लागते,
पाठीवर वळलं की न मागता देतं,
नको म्हटलं तरी देतं.
तशीच पडून राहिली, वर बघत.
होडीचा तळ दिसत असेल तिला,
आणि काठावरून वाकलेलं एक बावळट डोकं.

दोराला एक हिसका. एक म्हणजे ठीक.

आज संध्याकाळी खानावळीत विचारतील
खाली काय काय होतं म्हणून.
मला गोष्टी जमत नाहीत.
मी दोर टेबलावर ठेवीन,
जेवढा ओला झाला तेवढा.