कडी

सेनगावच्या ग्रामीण रुग्णालयात
कपडे बदलायच्या खोलीला कडी नाही.
होती म्हणतात. तिची चार भोकं
अजून दारावर आहेत, गंजून तपकिरी.

मी रुजू झाले तेव्हा विचारलं होतं.
धुळगुंडे सिस्टर म्हणाल्या, मागणी केलीय.
त्याला नऊ वर्षं झाली.
मागणीपत्राच्या झेरॉक्सची झेरॉक्स,
तिचीही झेरॉक्स निघत निघत
आता त्यावर फक्त ‘महोदय’ वाचता येतं.

तर आमची रीत अशी:
एक आत जाते,
दुसरी दाराला पाठ लावून उभी राहते.
उभ्या उभ्या सलाईनच्या बाटल्या मोजते,
नाहीतर घरी फोन लावते,
आणि आतलीला लाकडातून ऐकू येतं,
‘सात पंचे पस्तीस, बाळा. छत्तीस नाही.’

परवा जिल्ह्याहून कागद आला.
कर्मचारी समाधान सर्वेक्षण.
एक ते पाच, योग्य आकड्याला गोल करा.
मी तो खिशात घालून नाईटला आले,
म्हटलं अडीच-तीनला वेळ मिळेल.

अडीचला केंद्रा बुद्रुकची बाळंतीण आली.
पोरगी झाली, रडली, सगळं नीट,
आणि मग रक्त थांबेना.
ड्रिप लावला. पोट चोळत राहिले.
मुंदडा डॉक्टर क्वार्टरमधून आले
एक चप्पल स्वतःची, एक बायकोची घालून,
आणि कुणीच हसलं नाही.
इन्व्हर्टर दोनदा टुक टुक करून गप्प झाला,
तर हलीमा मावशीनं न सांगता
मोबाईलची बॅटरी दातात धरली,
कारण हात दोन्ही कामात होते.

सव्वातीनला थांबलं.
पहिल्यांदा पायातलं ओलेपण जाणवलं.
मी त्या खोलीत गेले,
ट्युनिक अंगाला चिकटलेला, निघता निघेना.
बाहेर दारावर थाप.
‘कुठाय ती बाई? आमाला कुनी काय सांगंना!’
मी तशीच थिजले, अर्धी आत अर्धी बाहेर.
आणि मावशीचा आवाज, चढलेला नाही:
‘कापडं बदलायलीय लेक माजी.
तुमच्याच सुनंच्या रगतानं भिजलीत.
सून बरी हाय. दम धरा.’
मग बराच वेळ काही नाही.
मग बाकडं करकरलं,
कुणीतरी जड माणूस बसल्यासारखं.

कागदावर चौथा प्रश्न आहे:
कामाच्या ठिकाणी आपणास आधार मिळतो का?
चौकोन एवढासा. एक आकडा मावेल.
हलीमा मावशी मावायची नाही.

तिला हा कागद आलेलाच नाही.
ती ठेकेदाराची, अकरा महिन्यांची,
पगार दिवाळीपासून अडकलेला.
कर्मचाऱ्यांच्या यादीत ती नाही,
म्हणजे समाधान विचारायचं कुणाला हा प्रश्नच नाही.
मी तिला म्हटलं, मावशी, तुम्ही किती द्याल?
ती म्हणाली, कशाला?
नोकरीला.
तिनं फरशीवरचं पाणी आधी नीट ओढलं.
‘पोरगी रडली तवा पाच.
एक तारखेला विचार, मंग सांगते.’

मला याच्याहून नीट उत्तर सुचलं नाही.

कडी बाजारात पंचेचाळीस रुपयांना मिळते.
दर मंगळवारी मी त्या दुकानावरून जाते.
आमच्यातल्या एकीनंही ती अजून का आणली नाही
हे मला सांगता येत नाही.
थोडी जिद्द असेल. आपण का आणायची?
मे महिन्यात दार धरून घामाघूम व्हायचं,
जोडीदारीण रजेवर असली
तर ओल्या कपड्यांतच सकाळ करायची,
हे काही कुणाला आवडत नाही.
पण दार धरलं नाही असंही कुणी कधी केलं नाही.

आठ वाजता रेश्मा पठाडे आली, डे ड्युटीची.
नवीन आहे, तिसराच आठवडा.
आत गेली. मी पाठ लावली.
चौथ्या प्रश्नावर अजून गोल नाही.
‘ताई, आहात ना?’
‘व्हय. बदल सावकाश.’