कोटाआडचा ट्रक

ट्रक म्हणजे रस्त्यावरचा नव्हे.
मालडब्याच्या पोटाखाली असतो तो:
चार चाकं, दोन आस, ओतीव लोखंडाच्या दोन बाजू,
मधे स्प्रिंगांची जुडी.
प्रॉक्टर गावात हे कुणाला सांगावं लागत नाही.
मिनेसोटाचं खनिज इथूनच उतरतं सरोवराकडे,
आणि आर्विड निस्कानेन एकतीस वर्षं
डब्यांखाली पाठीवर पडून होता.

आता तो तळघरात असतो.
टेबलावर एकच डबा, सत्याऐंशी पटींनी लहान,
गंजलाल. दारावरचा रिव्हेट न् रिव्हेट मोजून घेतलेला.
फक्त खाली काही नाही.
दोन काड्यापेट्यांवर टेकून उभा आहे
मार्चपासून.

दुकानात मिळतात की ट्रक, जोडी बारा डॉलर.
आम्ही आणून दिले. त्याने भिंग लावलं.
एकाची बाजू फार जाड: "हा हत्तीच्या पायांवर चालणार का?"
एकाला स्प्रिंगा चार.
एकाच्या तेलपेट्यांची झाकणं गोल,
आणि स्प्रिंगांमागे, जिथून पलीकडचं दिसायला हवं,
तिथे प्लास्टिक भरलेलं.
"यातून उजेड जात नाही," म्हणाला,
आणि मेलेली माशी उचलावी तसा चिमट्याने उचलून
खोक्यात टाकला.

पुरावा एकच, फोटो.
छप्पन सालचा ऑक्टोबर.
डब्याला रेलून लेम्पी, लग्नाआधीची,
डोळ्यांवर ऊन, हातात त्याचा जेवणाचा डबा.
डावीकडचा ट्रक लख्ख:
पाच स्प्रिंगा, चौकोनी झाकणं, त्यांवरची अक्षरंसुद्धा.
उजवीकडचा तिच्या कोटाआड.

केवढा तो कोट! बहिणीचा, दोन मापं मोठा.
पावलभर सरकली असती तर, आम्ही हळहळायचो,
मग लक्षात यायचं की ती जाऊन सहा वर्षं झाली,
आणि गप्प व्हायचो.
"पण डावा कळला की उजवा कळला," वेंडेल म्हणाला,
"जोडीच ना शेवटी?"
आर्विड चष्मा पुसत बसला.

ड्युलूथला, चर्चच्या तळघरात, जुन्या सामानाच्या विक्रीत
बोडेनहाइमरबाई नवऱ्याचे तंबाखूचे डबे विकत होत्या,
आत काय आहे ते न बघता, दोन डॉलरला एक.
तिसऱ्या डब्यात, वॉशरांच्या ढिगाखाली, पितळेचा,
कुणीतरी हाताने घडवलेला:
पाच स्प्रिंगा, चौकोनी झाकणं,
खिडकीकडे धरला तर स्प्रिंगांमधून चर्चचं अंगण.
पण एकच. आम्ही सगळा डबा पालथा घातला.
"एकच?"
"एकच हवा होता," आर्विड म्हणाला.

परतताना गाडीत बोलला, रस्त्याकडे बघत.
त्या रात्री उजव्या ट्रकच्या बाजूला तडा सापडला.
सहाला गाडी सुटायची, फोरमन झोपलेला,
गोदामात त्या जातीचा दुसरा नाही.
जॅकवर डबा चढवला आणि होता तो सारला खाली,
जुना, गोल झाकणांचा.
वहीत लिहिलं नाही.
सकाळी लेम्पी आली, मागोमाग फोरमन,
नवा कॅमेरा गळ्यात. म्हणे, उभे राहा, फोटो काढतो.
"मी राहिलो नाही. तिला म्हटलं, जरा उजवीकडे.
तिने माझ्याकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं,
आणि कोटाची बटणं सोडली."

घरी आल्यावर त्याने खोकं काढलं,
तळातून तो माशीसारखा उचलून टाकलेला.
गोल झाकणं. बारा डॉलरच्या जोडीतला अर्धा.
काड्यापेट्या काढल्या.
डबा रुळांवर उतरला, उजवीकडे केसभर कललेला.
वेंडेल कागदाची चकती कापायला निघाला.
"राहू दे. तेव्हाही होता."

मग दिवा टेबलाच्या कडेशी, रुळांच्या पातळीवर आणला
आणि वाकून पाहिलं, एक डोळा मिटून.
डावीकडून उजेड येतो.
उजवीकडून येत नाही.