पापुद्रा

रात्री साडेदहाला मी मैदानाला पाणी पाजतो.
उन्हाळ्यात इथे बेसबॉल, पोरांच्या शिव्या, कुत्र्यांचे पट्टे.
डिसेंबर लागला की महापालिका चहूबाजूंनी फळ्या ठोकते
आणि माझ्या हातात देते पाइप,
मांडीएवढा जाड, स्वभावाने अडेल.

घाई चालत नाही. एकदम ओतलं
तर बर्फ पोकळ होतो, वर कवच, खाली हवा,
आणि सकाळी कुणाचा तरी घोटा आत जातो.
म्हणून पातळ सोडायचं, अंगण सारवावं तसं,
मागे मागे सरकत, आपलेच ठसे बुजवत.
एक पापुद्रा. थांबायचं. कॉफी. दुसरा पापुद्रा.
उणे अठरा असेल तर रात्रीत सात होतात,
उणे पाच असेल तर तीन,
तेही नशीब असेल तर.

फलकावर लिहिलंय:
आठपर्यंत हॉकी. आठ ते दहा नुसतं घसरणं, काठी आणायची नाही.
दहाला दिवे आपोआप जातात.
नियम मी केलेले नाहीत.
हिम साचलं की पुसतो मात्र मीच.

माँट्रियलमधला हा माझा अकरावा हिवाळा.
जन्म जाकमेलचा, हैतीतला,
तिथे बर्फ म्हणजे भुशात गुंडाळलेली लादी,
हातगाडीवरून यायची, अर्धी वाटेतच संपायची.
बायको म्हणते, विल्नेर, अख्ख्या वस्तीला घसरवतोस
आणि स्वतः फळी धरून कडेकडेने चालतोस.
खरंय. ते पात्यांचे बूट मी कधी घातले नाहीत.
वाढप्याने पंगतीत बसायचं नसतं,
असं काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

जानेवारीत इदालिना यायला लागली.
नऊ पन्नासला. दिवे जायला दहा मिनिटं असताना.
सत्तरीची, आसोरेस बेटांवरची,
चाळीस वर्षं लोकांच्या कोटांना अस्तर लावलेली बाई.
नातवाचं हेल्मेट, आमच्या शेडमधले उसने बूट,
नंबर अडतीस, डाव्याची नाडी केशरी,
आणि पुढ्यात स्वयंपाकघरातली खुर्ची.
खुर्ची ढकलत ती निघायची,
पलीकडे कुणी पाहुणा उभाच राहिलाय जणू.
पडली तर हसायची नाही, रडायची नाही,
खुर्चीलाच पोर्तुगीजमध्ये चार शब्द सुनवायची.
का, ते मी विचारलं नाही.
शेडच्या खिडकीतून आम्ही फक्त नंबर विचारतो.

एका मंगळवारी दहा वाजले आणि दिवे गेले नाहीत.
टायमर बिघडला, असं मी वहीत लिहिलं.
गुरुवारीही बिघडला. अकरा मिनिटं.
महापालिकेचा वायरमन आला, डबा उघडला,
डबा बघितला, मग मला बघितलं,
म्हणाला, थंडीने होतं असं.

फेब्रुवारीत तीन दिवस भलतंच ऊन पडलं.
माझे सगळे पापुद्रे एक डबकं झाले, त्यात एक बदक.
लाल पाटी लावली: बंद.
इदालिना आली, पाटी वाचली,
खुर्ची डबक्याच्या काठाला मांडून बसली.
म्हणाली, शनिवारी खुर्ची सोडून चार पावलं गेले.
कुणी बघितलं नाही.
मी म्हणालो, मी बघितलं.
खोटं. मी तेव्हा गोठलेल्या नळाला
गरम फडकं गुंडाळत होतो.
मग झालं, ती म्हणाली,
आणि बदकाला पाव टाकत राहिली.

थंडी परतली. ती आता फळीला एक बोट लावून फिरते,
हळू, वाकडी, मध्येच थांबून.
खुर्ची शेडमध्येच ठेवलीय. तिच्यावर महापालिकेचा शिक्का नाही,
तरी नवखे सगळे तीच मागतात.

काल सगळे गेल्यावर, दिवे गेल्यावर,
पाणी सोडायच्या आधी,
मी चव्वेचाळीस नंबर काढला.
खुर्ची पुढे घेतली. दोन पावलं.
तिसरं आडवं गेलं आणि मी चांगलाच आपटलो,
मैदानभर आवाज झाला.
उठलो. पाइप उघडला.
पडल्याची जागा तेवढी
पहिल्याच पापुद्र्यात बुजवली.
वहीत लिहिलं: उणे चौदा, पाणी सहा वेळा,
बाकी काही नाही.