दिवसाला एक जीबी

कुमठेकर रस्त्यावरच्या त्या दोन माणसांच्या दुकानात
तिसरा मी उभा राहिलो की दार लागत नाही.
प्रज्योत म्हणाला, काका, कुठला देश?
म्हटलं, व्हिएतनाम. आठ दिवस. बरोबर बायको
आणि कोथरूडचे एकोणीस अनोळखी लोक.

त्यानं काचेवर तीन पाकिटं मांडली,
पानं पिसून मांडावीत तशी.
हे इथूनच घ्या, उतरल्या उतरल्या चालू.
हे तिकडं विमानतळावर, निम्म्या पैशात,
पण रांग, आणि पासपोर्ट त्यांच्या हातात द्यायचा.
आणि हे आपलंच, रोमिंग, नंबर तोच, फक्त
(इथं त्यानं कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.
मी आकडा वाचला आणि परत त्याच्याकडे फिरवला.)
चौथंही एक असतं, कार्ड नसलेलं कार्ड,
पण तुमचा फोन त्या वयाचा नाही.
वय फोनचं काढलं. सभ्य मुलगा.

इथूनच घेऊ. मिळतं काय त्यात?
दिवसाला एक जीबी, काका. भरपूर झालं.

भरपूर म्हणजे किती
ते बोटांनी मोजल्याशिवाय मला कळत नाही.
शनिवारात एकतीस वर्षं टायपिंग शिकवलंय,
अकरा यंत्रं, एकीचा र कायम अडकायचा.
विजेच्या बिलामागे हिशेब केला:
इंग्रजी पान, दोन हजार अक्षरं धरू.
एका जीबीत अशी पाच लाख पानं.
फोर्टीच्या वेगानं पानाला दहा मिनिटं,
रोज आठ तास, रविवारी सुट्टी,
तर तेहतीस वर्षं.

म्हणजे माझा अख्खा क्लास, वर दोन वर्षं,
रोज सकाळी नवा.
आणि रात्री बाराला उरलेला वाया.

प्रज्योत म्हणाला, कुठे काका,
कंदिलांचे चार व्हिडिओ पाठवले की संपतं.

मग त्यानं टाचणी खुपसून फोनचा कप्पा काढला.
दोन जागा, दोन्ही भरलेल्या.
हे तुमचं. आणि हे?
क्लासचं.
तो काही बोलला नाही. यंत्रं गेली
तो टेम्पो त्याच्या मामाचा होता.

पण नागनाथ पाराच्या पलीकडे एका भिंतीवर
नंबर अजून आहे, आणि खाली 'प्रवेश चालू'.
तो पुसायला रंगारी तीनशे मागतो.
महिन्याला एखादा फोन येतोच.
परवा धनकवडीच्या एक बाई,
मुलीला मराठी थर्टीला बसवायचं होतं.
म्हटलं, बंद झालाय क्लास.
त्या ठेवणार, तेवढ्यात मीच म्हटलं,
कुठंही घाला, पण डाव्या करंगळीकडे लक्ष द्या,
सगळी मुलं तिलाच फसवतात.

कुठलं काढू, काका?
टाचणी हवेत. मागे स्क्रीनगार्डवाला ताटकळलेला.

दोन्ही राहू दे, म्हटलं. हे नलिनीच्या फोनात घाल,
तिच्याकडे एक जागा कधीपासून रिकामीच आहे.
मी तिच्या हॉटस्पॉटवर चालेन.
किती लांब पोचतं ते?
दहा पावलं. मधे भिंत नसेल तर पंधरा.

नलिनी समोर बटणं जुळवत होती, तिला सांगितलं.
ती म्हणाली, म्हणजे आठ दिवस तुम्ही मागे?
लक्ष्मी रोडवर बेचाळीस वर्षं ती माझी पाठ बघत आलीय.
घरी जाताना सराव केला.
ती गवार निवडायला थांबली, थांबलो.
ती रस्ता ओलांडून गेली, मी अलीकडे राहिलो,
तिनं वळून पाहिलं आणि हात वर केला, रेंज गेली म्हणून.

इनकमिंग घेतलंत तर पंचाहत्तर रुपये मिनिट,
प्रज्योतनं बजावलंय. सगळं बंद ठेवा.
क्लासचं मी चालू ठेवणार आहे.
करंगळीचं सांगायला अर्धं मिनिट पुरतं.