पाना

एअरलॉकला खिडकी नसते.
हे आधीच सांगून ठेवतो, कारण शाळांतून मुलं विचारतात,
मी व्यासपीठावर पोचायच्या आतच त्यांचे हात वर असतात:
दुर्बीण सुटली तेव्हा कशी दिसत होती?

डेल्फिन बूद्रो आणि मी, गुडघ्याला गुडघा,
एका पिंपात दोन माणसं कोंबावीत तसे,
पहाटेपासून निव्वळ प्राणवायू ओढत होतो.
पहाट म्हणजे ह्यूस्टनच्या घड्याळातली.
बाहेर दर दीड तासाला उजाडत होतं,
आणि मावळतही होतं.

वर यांत्रिक हाताशी रूफस टॅगार्ट.
अकरा टनांचं धूड त्यानं मालखान्यातून उचललं
झोपलेलं मूल पाळण्यातून उचलावं तसं,
दोन्ही कडांना जेमतेम वीतभर जागा.
पहिला पंख उघडला.
दुसरा चौथ्या घडीवर अडला.

"अडलाय," रूफस म्हणाला.
इतक्या सभ्यपणे बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं.

दुर्बिणीच्या बॅटऱ्यांत सहा तासांची धग.
मेरीलँडहून तीनदा आज्ञा आली, मोटर तीनदा कण्हली.
मग आम्हाला सांगितलं, तयार राहा.
हवा काढून घेतली. काटा खाली खाली गेला,
पोशाख ताठरला अंगावर,
आणि मनगटाच्या दोरीला बांधलेला पाना
आपल्या आपण तरंगू लागला समोर,
आता माझी पाळी, असं म्हणत असल्यासारखा.

या एका बोल्टसाठी मी दोन वर्षं
ह्यूस्टनच्या तलावात बुडून काढली होती.
झोपेत एकदा बायकोचा अंगठा पिरगाळला,
उजवीकडे साडेसात फेरे.

तेवढ्यात मेरीलँडच्या मिस ओव्हरबी, शांतपणे:
"थांबा. बिजागरी गारठली आहे.
तिच्यावर एक ऊन जाऊ द्या."

नेब्रास्कातलं आमचं स्वयंपाकघर. पीचची बरणी.
वडील पक्कड घेऊन लालबुंद,
आईनं बरणी काढून घेतली त्यांच्या हातातून
आणि धरली कोमट पाण्याच्या धारेखाली.
"झाकणाला राग आलेला नसतो," ती म्हणायची,
"त्याला थंडी वाजत असते."

यान हळूच कुशीवर वळलं.
आम्ही काळोखात. पंख्याची घरघर, माझाच श्वास.
डेल्फिननं रेडिओ बंद केला,
मलाही खूण केली,
शिरस्त्राण माझ्या शिरस्त्राणाला टेकवलं.
काचेतून, दूरच्या विहिरीतून यावा तसा तिचा आवाज:
"उघडला तर आपण बाहेर जाणार नाही."
"हं."
"तुला काय हवंय?"

खाली हजार माणसं जागी होती.
कुणी वीस वर्षं एक आरसा घासला होता,
कुणी त्या पंखाची घडी घालता घालता म्हातारं झालं होतं.
आणि मला,
खरं सांगतो, मुलांना हे सांगत नाही,
मला तो पंख अडलेलाच हवा होता.

मी काही बोललो नाही. तीही.
तिचं कपाळ काचेला तसंच टेकलेलं राहिलं.

एकविसाव्या मिनिटाला रूफस ओरडला.
नंतर बरीच गडबड, आकडे, होकार,
कुणीतरी हसता हसता ठसकलं.
मग हाताची पकड सुटली,
मागे सरण्यासाठी यानानं एक ठोसा दिला,
भिंतीतून, बुटांतून तो आला आणि गेला.
ती सुटली ते माझ्या तळव्यांनी पाहिलं.

तिनं टिपलेल्या दीर्घिका आता वह्यांच्या पुठ्ठ्यांवर असतात.
मी त्या तुमच्याइतक्याच पाहिल्या आहेत.

परतल्यावर पाना भांडारात जमा केला.
खिडकीपलीकडच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून
तो वजनकाट्यावर ठेवला, उलटून पाहिला,
एकही ओरखडा नव्हता.
"वापरला?"
नाही म्हणालो.
त्यांनी रकान्यात तेच लिहिलं
आणि सहीसाठी नोंदवही माझ्याकडे फिरवली.